मागच्या कोर्टावरची आपली माणसं

३० सप्टेंबर २०२३, शनिवार. दोनच दिवसांपूर्वी गणपती गेले होते, घर जरा सुनं सुनंच वाटत होतं. सकाळी चहाचं आधण ठेवलं आणि सवयीने फोन उघडला, तर व्हॉट्सॲपवर मेसेजचा नुसता पाऊस. एरवी आमच्या प्लेनोच्या ग्रुपवर वर्गणीची आठवण नाहीतर "कोणी पुण्याला चाललंय का, एक छोटं पार्सल होतं" एवढंच असतं. म्हटलं, आज झालं तरी काय?

तर हांगझोच्या आशियाई खेळांत रोहन बोपण्णा आणि ऋतुजा भोसले यांनी टेनिसच्या मिश्र दुहेरीचं सुवर्णपदक जिंकलं होतं. चायनीज तैपेईच्या जोडीविरुद्ध पहिला सेट २-६ असा गेला, दुसरा ६-३ असा परत आणला आणि शेवटचा सुपर टायब्रेक १०-४ असा खिशात घातला. ग्रुपवर आनंदीआनंद! "आपली मराठी मुलगी!" "नगर जिल्ह्यातल्या श्रीरामपूरची!" आणि मग कोणीतरी लिहिलं, "अरे, ही तर आपल्या टेक्सासचीच. ए अँड एमला शिकत होती!"

मीसुद्धा एक अंगठा आणि एक तिरंगा पाठवून दिला. पण पाठवल्यावर मन जरा चरकलं. कारण ही मुलगी टेक्सास ए अँड एमकडून खेळत होती तेव्हा, म्हणजे साधारण २०१४ ते २०१७ या काळात, आमच्या घरापासून दोनशे मैलांवर कॉलेज स्टेशनला होती. मी टेनिसवेडा माणूस. विम्बल्डनसाठी सुट्टी टाकणारा. पण तिची एकही मॅच मी बघायला गेलो नव्हतो. सुवर्णपदक मिळाल्यावर "आपली" म्हणायला मात्र सगळ्यात पुढे.

तेव्हा मंडळी, हा लेख म्हणजे थोडासा इतिहास आणि थोडीशी कबुली आहे. इतिहास आपल्या खेळाडूंचा आणि कबुली आपल्यासारख्या प्रेक्षकांची.

खालच्या मजल्यावरचं टेनिस

टीव्हीवर आपल्याला दिसतो तो टेनिसच्या इमारतीचा सगळ्यात वरचा मजला. चार ग्रँड स्लॅम, आणि त्याखाली एटीपी आणि डब्ल्यूटीएच्या बड्या स्पर्धा. त्याच्या खालच्या मजल्यावर पुरुषांच्या चॅलेंजर आणि महिलांच्या १२५ दर्जाच्या स्पर्धा असतात. आणि अगदी तळमजल्यावर आंतरराष्ट्रीय टेनिस फेडरेशनच्या, म्हणजे आयटीएफच्या स्पर्धा. पुरुषांच्या या स्पर्धांना १९९८ पासून २०१८ पर्यंत फ्यूचर्स म्हणत. त्याआधीपासून सॅटेलाइट नावाचा प्रकार होता. चार आठवड्यांचं सर्किट, दर आठवड्याला नवं गाव, आणि रँकिंगचे पॉइंट मिळणार ते चारही आठवडे संपल्यावर. २००६ नंतर तो प्रकार बंद झाला.

या तळमजल्याचा हिशोब ऐकण्यासारखा आहे. पंधरा हजार डॉलरची स्पर्धा म्हटलं की आपल्याला वाटतं, वा! पण ते पैसे सगळ्यांत मिळून वाटायचे असतात. एकेरीच्या विजेत्याला मिळतात साधारण २,१६० डॉलर. पहिल्याच फेरीत हरलात तर हातात दोनशे डॉलरही पडत नाहीत. त्यात विमानाचं तिकीट, हॉटेल, जेवणखाण, रॅकेटचं गटिंग, आणि कोच बरोबर असला तर त्याचाही खर्च. म्हणजे जिंकूनसुद्धा घरून पैसे घालायचे.

म्हणूनच घरच्या गावात होणाऱ्या स्पर्धेला इतकी किंमत असते. यजमान संघटनेला मोजकी वाइल्ड कार्डं देता येतात, म्हणजे रँकिंग कमी पडत असलं तरी मुख्य ड्रॉमध्ये थेट प्रवेश. गावातल्या पोराला विमान नको, हॉटेल नको. आईच्या हातचं खाऊन, स्कूटरवरून येऊन आंतरराष्ट्रीय मॅच खेळता येते. एक फेरी जिंकली तरी रँकिंगच्या यादीत नाव लागायची शक्यता, आणि यादीत नाव लागलं की पुढच्या गावचं दार किलकिलं होतं.

गाथेच्या संपादकाची नात

"मराठी माणूस आणि टेनिस? तो तर क्रिकेटवाला!" असं म्हणणाऱ्यांना मी नेहमी एक गोष्ट सांगतो. शंकर पांडुरंग पंडित हे एकोणिसाव्या शतकातले मोठे संस्कृत पंडित. इंदुप्रकाश छापखान्याने काढलेली तुकारामबोवांची गाथा संपादित करणाऱ्यांत ते होते. त्यांची मुलगी म्हणजे पंडिता क्षमा राव. गांधीजींच्या चळवळीवर संस्कृतात 'सत्याग्रहगीता' लिहिणाऱ्या त्या ह्याच. या बाई स्वतः टेनिस खेळायच्या. आणि त्यांची मुलगी लीला राव १९३४ साली विम्बल्डनमध्ये सामना जिंकणारी पहिली भारतीय महिला ठरली. म्हणजे तुकोबांची गाथा छापून काढणाऱ्या घराण्यातली नात विम्बल्डनच्या हिरवळीवर! हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा दोनदा वाचलं.

पुण्यात डेक्कन जिमखाना १९०६ साली सुरू झाला. नंतरच्या पिढ्यांतले किती तरी मराठी खेळाडू तिथल्या आणि शेजारच्या पी.वाय.सी. हिंदू जिमखान्याच्या कोर्टांवर घामाघूम झाले. पुण्याच्या नंदन बाळ यांनी १९७९ साली मेक्सिकोतल्या जागतिक विद्यापीठ स्पर्धेत रौप्यपदक मिळवलं, डेव्हिस कपही खेळले.

सांगलीच्या नंदू नाटेकरांची गोष्ट तर त्याहून मजेची. ते आधी टेनिस खेळत. ज्युनिअर राष्ट्रीय स्पर्धेच्या फायनलमध्ये रामनाथन कृष्णनकडून हरले आणि बॅडमिंटनकडे वळले. पुढे १९५६ साली परदेशात बॅडमिंटनचं विजेतेपद मिळवणारे ते पहिले भारतीय झाले. पण टेनिस घरातून गेलं नाही. त्यांचे चिरंजीव गौरव नाटेकर यांनी १९९४ च्या हिरोशिमा आशियाई खेळांत लिअँडर पेसबरोबर दुहेरीचं सुवर्ण जिंकलं, शिवाय सांघिक सुवर्णही. वडिलांचा राहिलेला हिशोब मुलाने चुकता केला, असं आपण म्हणायला हरकत नाही.

या सगळ्यांमध्ये एक गोष्ट सारखी. पदकाच्या दिवशी फोटो निघतो, पण त्याआधीची वर्षं गेलेली असतात ती रिकाम्या बाकांसमोर.

घरच्या अंगणातल्या स्पर्धा

डेक्कन जिमखान्यावर महिलांची आयटीएफ स्पर्धा वर्षानुवर्षं भरत आली. तिला पाठबळ असायचं एनईसीसीचं, म्हणजे टीव्हीवर अंड्यांची जाहिरात करणारी तीच मंडळी. बालेवाडीचं शिवछत्रपती क्रीडा संकुल १९९४ च्या राष्ट्रीय खेळांसाठी उभं राहिलं आणि नंतर मोठ्या टेनिस स्पर्धांचं माहेरघर झालं. २०१२ साली पुण्यात महिलांची १२५ दर्जाची स्पर्धा झाली, ती जिंकली अठरा वर्षांच्या एलिना स्वितोलिनाने. फायनलला समोर होती बेचाळीस वर्षांची किमिको दाते! २०१७ साली मुंबईत क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या कोर्टांवर अशीच स्पर्धा झाली. विजेती एकोणीस वर्षांची एक बेलारूसची मुलगी, नाव अरीना सबालेंका. तेव्हा तिथे तिला बघून गेलेले लोक आज नातेवाइकांना सांगत असतील, "आम्ही हिला अगदी जवळून बघितलंय हो!"

२०१८ ते २०२३ या काळात चेन्नईची एटीपी स्पर्धा पुण्यात आली होती, टाटा ओपन महाराष्ट्र या नावाने. ती पाच वेळा झाली आणि मग पुण्यातून गेली. पण मला सांगायचं आहे ते तिच्याही आधीच्या, जरा लहान स्पर्धेबद्दल.

बालेवाडीचे आजोबा

नोव्हेंबर २०१७. चुलतभावाच्या मुलीच्या लग्नासाठी पुण्यात गेलो होतो. घरात पाहुण्यांची गर्दी, मांडवात आपल्याला काही काम नाही. सकाळच्या पेपरात वाचलं की बालेवाडीला एटीपी चॅलेंजर चालू आहे. म्हटलं, चला. रिक्षा करून गेलो.

मोठ्या स्टेडियमवर काही लोक होते, पण मी फिरत फिरत मागच्या कोर्टाकडे गेलो. तिथे दुहेरीची मॅच चालू होती. प्रेक्षक मोजून अकरा. त्यातले चार खेळाडूंचे मित्र असावेत. माझ्या शेजारी एक आजोबा बसले होते. डोक्यावर टोपी, मांडीवर कापडी पिशवी, पिशवीत पाण्याची बाटली आणि एक वही. प्रत्येक गेमनंतर वहीत स्कोअर लिहीत होते. चांगला व्हॉली बसला की हळूच "शाब्बास" म्हणत, चुकला की "असू दे, असू दे". खेळाडू इतके जवळ होते की त्यांना ते नक्की ऐकू येत असणार.

थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "कुठून आलात?"

"अमेरिकेहून. टेक्सासला असतो."

आजोबांचा चेहरा एकदम उजळला. "टेक्सास? वा! मग आमच्या ऋतुजाला बघितलं असेलच की तुम्ही. आणि अर्जुन कढे ओक्लाहोमाला होता, तेही तुमच्याकडेच ना?"

मी जरा चाचरलो. "हो... म्हणजे... लांब पडतं आम्हाला."

"किती लांब?"

"साडेतीन-चार तास."

आजोबांनी वहीत स्कोअर लिहिला, बाटलीतून घोटभर पाणी घेतलं आणि अगदी शांतपणे म्हणाले, "मी हडपसरहून येतो. दोन बस बदलून. ट्रॅफिक लागला की साधारण तेवढंच होतं."

खास पुणेरी फटका! मला परतवताच आला नाही. आम्ही ह्यूस्टनला नाटक आलं की चार तास गाडी हाणतो. अधिवेशनाला विमानाने जातो. मुलांच्या रोबोटिक्सच्या स्पर्धेसाठी पहाटे चारला उठतो. मग हीच मुलं आपल्या दारात खेळत होती, तेव्हा आपल्याला अंतर आठवलं?

त्या आठवड्यात त्या चॅलेंजरची फायनल दोन भारतीयांमध्येच झाली. युकी भांब्रीने रामकुमार रामनाथनला हरवलं. मी मात्र तोवर लग्नाच्या पंगतीत वाढत होतो. आजोबा नक्की गेले असणार, वही घेऊन.

स्टिलवॉटर आणि कॉलेज स्टेशन

परत आल्यावर मी जरा शोधाशोध केली. पुण्याचा अर्जुन कढे २०१३ ते २०१७ स्टिलवॉटरच्या ओक्लाहोमा स्टेट युनिव्हर्सिटीत खेळला. प्लेनोहून स्टिलवॉटर चारेक तास. ऋतुजा कॉलेज स्टेशनला. आणि हे दोघं काही अपवाद नव्हते. आपल्याकडची मुलं अमेरिकन कॉलेज टेनिसकडे वळतात याची कारणं अगदी व्यवहारी आहेत. वर सांगितलेला तळमजल्याचा हिशोब आठवा. अठराव्या वर्षी प्रोफेशनल व्हायचं म्हणजे घरच्यांनी किती वर्षं पैसे ओतायचे? त्यापेक्षा स्कॉलरशिप मिळाली तर शिक्षण होतं, कोच मिळतो, जिम मिळते, आणि चार वर्षं दर आठवड्याला तगड्या मॅच मिळतात. वाट दाखवली ती सोमदेव देववर्मनने. व्हर्जिनिया युनिव्हर्सिटीकडून त्याने २००७ आणि २००८ अशी लागोपाठ दोन वर्षं एनसीएएची एकेरी जिंकली. पहिल्या वर्षी फायनलला समोर जॉन इस्नर होता, म्हणजे विचार करा.

कॉलेजची मॅच ज्यांनी बघितली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. इथे टेनिस हा एकट्याचा खेळ राहत नाही. आधी तीन दुहेरीच्या मॅचेस एकाच वेळी सुरू होतात. तीनपैकी दोन जिंकणाऱ्या संघाला मिळून एक पॉइंट. मग सहा कोर्टांवर एकदम सहा एकेरी, प्रत्येकीला एक पॉइंट. आधी चार पॉइंट करेल तो संघ जिंकला. बॉल आत पडला की बाहेर, हे बहुतेक वेळा खेळाडू स्वतःच सांगतात. आणि विम्बल्डनसारखी स्मशानशांतता नाही. आरडाओरडा, घोषणा, शेजारच्या कोर्टावरून मित्राला हाक. तिकीट बहुधा नसतंच. आपल्याकडच्या गल्लीतल्या सामन्याची मजा आणि वरच्या दर्जाचं टेनिस, दोन्ही एकाच जागी.

हे सगळं कळलं तेव्हा अर्जुन आणि ऋतुजा दोघांचंही कॉलेज संपलं होतं.

डॅलसची ती फायनल

एक संधी मात्र सोडली नाही. २०१८ च्या सुरुवातीला डॅलसच्या टी बार एम रॅकेट क्लबमध्ये चॅलेंजर होती. १९९८ पासून ही स्पर्धा तिथे व्हायची, आणि आम्ही इतकी वर्षं प्लेनोत राहून नुसतं तिचं नाव ऐकून होतो. आजोबांच्या वहीची आठवण ताजी होती. लेकीला घेतलं आणि गेलो. ती तेव्हा बारा वर्षांची, प्लेनोच्या हाय पॉइंट टेनिस सेंटरवर शिकत होती.

आत गेलो आणि थक्क झालो. २०१४ च्या अमेरिकन ओपनचा उपविजेता केई निशिकोरी, मनगटाच्या दुखापतीतून उठून, त्या लहानशा इनडोअर कोर्टावर खेळत होता. ती स्पर्धा त्याने जिंकलीसुद्धा. मोठ्या खेळाडूलाही परत वर जायचं तर याच जिन्यावरून जावं लागतं, हे लेकीला दाखवायला यापेक्षा चांगलं उदाहरण कुठून आणणार?

पण आमच्यासाठी खरी गंमत दुहेरीच्या फायनलमध्ये होती. एका बाजूला लिअँडर पेस, वय चव्वेचाळीस, जोडीला इंग्लंडचा जो सॅलिसबरी. दुसऱ्या बाजूला चेन्नईचा जीवन नेदुनचेळियन आणि इंडोनेशियाचा ख्रिस्तोफर रुंगकाट. पेसचे वडील वेस पेस मूळचे गोव्याचे, म्हणजे तसा तो आपल्या अगदी अंगणातला. अठरा ग्रँड स्लॅम जिंकलेला माणूस, आणि अजूनही चॅलेंजरच्या कोर्टावर पोराच्या उत्साहाने नेटवर झेपावणारा. समोर जीवन. पेसचं नाव ऐकत मोठा झालेला, आणि आयुष्यातल्या मोठ्या संधीसाठी झगडणारा.

लेकीने कानात विचारलं, "बाबा, आपण कोणाच्या साइडने?"

मला उत्तरच सुचेना. "आपला" कोण? दोघेही आपले. आणि खरं सांगायचं तर दोघांपैकी एकही मराठी नाही! पुण्यात बालेवाडीला "आपला" म्हणजे पुण्याचा. मुंबईच्या माणसासाठी "आपला" म्हणजे महाराष्ट्राचा. आणि डॅलसच्या त्या हॉलमध्ये तमिळ, तेलुगू, मराठी, गुजराती सगळे एकाच बाकावर बसून दोन्ही बाजूंना टाळ्या देत होतो. घरापासून जितकं लांब जावं तितकं अंगण मोठं होत जातं.

जीवन आणि रुंगकाट तिसऱ्या सेटच्या टायब्रेकमध्ये जिंकले. त्यानंतर लेक बराच वेळ गप्प होती. घरी येताना गाडीत म्हणाली, "पेस हरला तरी मला बरं वाटलं. त्या दुसऱ्याला जास्त गरज होती." मी गाडी चालवत होतो म्हणून बरं, नाहीतर डोळ्यांत पाणी आलेलं तिला दिसलं असतं.

वाट बघणाऱ्यांचं पुढे काय झालं

आता थोडं पुढचं सांगतो, कारण या गोष्टीत धीर फार महत्त्वाचा आहे.

बार्शीची प्रार्थना ठोंबरे. बार्शी म्हटलं की आपल्याला ज्वारी आठवते आणि भगवंताचं देऊळ. त्या गावातली मुलगी २०१४ च्या आशियाई खेळांत सानिया मिर्झाबरोबर दुहेरीचं कांस्यपदक घेऊन आली, आणि २०१६ साली रिओ ऑलिंपिकला सानियाच्याच जोडीने खेळली. पुढे एप्रिल २०२५ मध्ये बालेवाडीला बिली जीन किंग कपच्या आशिया-ओशनिया गटाचे सामने झाले, तेव्हाही ती भारताच्या संघात होती. भारत त्या गटातून प्ले-ऑफला पोचला. सानियाच्या जोडीच्या पहिल्या पदकापासून पुण्यातल्या त्या आठवड्यापर्यंत दहा वर्षांहून जास्त काळ! त्या काळातल्या तिच्या बहुतेक मॅचेस आपण कोणी बघितलेल्या नाहीत.

ऋतुजा २०२० साली फेड कपच्या भारतीय संघात होती. भारत पहिल्यांदाच त्या स्पर्धेच्या प्ले-ऑफला पोचला तो हाच संघ. २०२३ चं हांगझो तुम्हाला माहीतच आहे.

आणि अर्जुन कढे? कॉलेज संपल्यावर तो वर्षानुवर्षं फ्यूचर्स, चॅलेंजर, कधी पुण्यात वाइल्ड कार्ड असं करत राहिला, आणि हळूहळू दुहेरीवर भर दिला. ऑक्टोबर २०२४ मध्ये कझाकस्तानातल्या अल्माटीला एटीपी स्पर्धेत तो आणि रित्विक बोलिपल्ली फायनलला पोचले. पहिला सेट ३-६ असा गेला, दुसरा टायब्रेकवर आला, आणि सुपर टायब्रेक १४-१२! एटीपीचं पहिलंवहिलं विजेतेपद, वयाच्या तिसाव्या वर्षी. कॉलेज सोडल्यापासून सात वर्षं. तो स्कोअर वाचला तेव्हा मला बालेवाडीचे आजोबा आठवले. त्यांच्या वहीत हाही स्कोअर कुठेतरी लिहिलेला असेल अशी माझी खात्री आहे.

पुढची फळीही तयार आहे. पुण्याची वैष्णवी आडकर २०२५ च्या जुलैत जर्मनीतल्या जागतिक विद्यापीठ स्पर्धेत महिला एकेरीचं कांस्यपदक मिळवून आली. १९७९ च्या नंदन बाळांनंतर पुण्याच्या वाट्याला आलेलं तिथलं हे टेनिसचं पदक. मधे सेहेचाळीस वर्षं गेली!

मग आपला कोण?

लेकीचा प्रश्न अजून माझ्या मागे लागलेला आहे, आणि तो फक्त टेनिसचा नाही, हे तुमच्याही लक्षात आलं असेल.

२०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये मिश्र दुहेरीच्या सेमीफायनलला सानिया-बोपण्णा यांच्यासमोर व्हीनस विल्यम्स आणि राजीव राम होते. राजीव राम भारतीय आईवडिलांचा मुलगा, इंडियानात वाढलेला. अमेरिकेची जोडी जिंकली. आपल्यापैकी किती घरांत त्या दिवशी दिवाणखान्यात दोन पक्ष पडले असतील! २०२१ साली विम्बल्डनची मुलांची स्पर्धा जिंकणारा समीर बॅनर्जी न्यू जर्सीचा. २०२५ च्या ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये जोकोविचकडून पहिला सेट घेणारा निशेष बसवारेड्डी, आईवडील आंध्रातले, तोही इंडियानात वाढला. ही मुलं अमेरिकेचा झेंडा घेऊन खेळतात. आपली मुलंही उद्या तसंच करतील, आणि त्यात वावगं काही नाही.

मी माझ्यापुरतं उत्तर शोधलं आहे. "आपला" हे काही आडनावावरून किंवा पासपोर्टवरून ठरत नाही. ज्याच्या पडत्या काळात आपण बाकावर बसलो तो आपला. जिंकल्यावर तर सगळं जगच म्हणतं, "आमचा!" तेव्हा आपल्या एका अंगठ्याने त्याला काय फरक पडतो? पण अकरा प्रेक्षकांत बारावा येऊन बसला तर त्याला दिसतो. मराठीत कोणी "असू दे, असू दे" म्हटलेलं ओक्लाहोमाच्या वाऱ्यात ऐकू आलं असतं, तर अर्जुनला किती बरं वाटलं असतं, हे आपल्यासारख्या पहिल्या हिवाळ्यात एकटं राहिलेल्या माणसांना कोणी सांगायला नको.

टी बार एमची चॅलेंजर आता इतिहासजमा झाली. २०२२ पासून डॅलसला एटीपीची डॅलस ओपन सुरू झाली आणि २०२५ मध्ये ती मोठी होऊन फ्रिस्कोच्या फोर्ड सेंटरमध्ये आली, म्हणजे आपल्या प्लेनोच्या अगदी दारात. तिथे तिकीट काढून जाऊच. पण त्याबरोबर एक काम करा. जवळच्या युनिव्हर्सिटीच्या टेनिस संघाच्या यादीवर एकदा नजर टाका. वेको, फोर्ट वर्थ, ऑस्टिन, कॉलेज स्टेशन, स्टिलवॉटर. टायलर आणि वेकोला महिलांच्या आयटीएफ स्पर्धाही झालेल्या आहेत. यादीत एखादं आपल्याकडचं नाव दिसलं तर शनिवारी डबा भरून निघा. जाताना टोपी घ्या, पाणी घ्या, मुलांना घ्या. पॉइंट चालू असताना बोलू नका आणि सर्व्हिसच्या वेळी हलू नका, एवढं पथ्य पुरे. मॅच संपल्यावर जमलं तर एक लाडू पुढे करा. हरला असेल तर दोन करा.

माझी लेक आता कॉलेजात आहे. टेनिस ती फक्त गंमत म्हणून खेळते. पण गेल्या वसंत ऋतूत तिने फोनवर सांगितलं, "बाबा, इथे एक मुलगी आहे, पुण्याची. टीममध्ये सहाव्या नंबरला खेळते. तिचे आईबाबा भारतात असतात, म्हणून मी आणि माझ्या रूममेट्स तिच्या सगळ्या होम मॅचेसना जातो."

मी विचारलं, "जिंकते का?"

"कधी कधी," ती म्हणाली. "पण आम्ही वही ठेवलीय."